तिसरा चेंडू

"घरात आणखी कुणाची छाती अशी आत गेलेली आहे का?" भाग्येशचं ड्रेसिंग बदलता बदलता डॉक्टरांनी विचारलं. "बहीणभावांत हे पुष्कळदा निघतं."

"नही हो, साहेब. कोणलेच नही," छबूबाईने एका दमात सांगून टाकलं.

कॉटच्या पायथ्याशी डबा धरून उभी असलेली तिची लेक स्वप्नाली तेव्हा ओढणीची पिन चाचपत होती. तिच्या छातीचा खळगा भावापेक्षाही खोल. वयात आल्यापासून आई तिच्या ड्रेसला आतून कापसाची गादी शिवून देई. घरचाच कापूस, त्याला काय तोटा!

"वेळेत आलास," डॉक्टर भाग्येशला म्हणाले. "बरगड्या कडक झाल्या की काम अवघड होतं." नंदुरबारच्या या दवाखान्यात त्यांनी त्याच्या छातीत आडवी पोलादी पट्टी घालून मधलं हाड वर उचललं होतं. आता शहाद्याच्या स्टँडवर मिरवावी अशी छाती झाली होती पोराची. स्वप्नालीला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण आत तुटतही होतं.

डॉक्टर गेले, तसं तिने तोंड उघडलं.

"माय, मन्ही बी तशीच शे ना. जिना चढताना जीव वर येस मन्हा. सांगी दे ना त्यास्ले."

"हळू बोल! आयतवारे लोणखेडाना पाव्हना ई ऱ्हायनात तुले देखाले. झाकेल मूठ सव्वा लाखनी ऱ्हास."

"आनि लगीन व्हयनं मंग?"

"मंग देखूत."

म्हणजे मूठ उघडायची ती परक्या घरी, आणि तीही एकटीने. स्वप्नालीला रडूच आलं. पण शेजारच्या कॉटवरची बाई कान देऊन बसलेली, म्हणून तेही तिने गिळलं.

दुपारी भाग्येशचा डोळा लागला. त्याच्या उशाशी श्वासाच्या व्यायामाचं यंत्र होतं, तीन नळ्यांत तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास ओढला की चेंडू वर चढतात. सकाळी त्याने कण्हत कण्हत का होईना, तिन्ही चढवले होते. स्वप्नालीने ते हळूच उचललं आणि जीव खाऊन श्वास ओढला. पहिला चेंडू चढला. दुसरा नुसता थरथरला. तिसरा जागचा हलला नाही. तिने पुन्हा ओढलं, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत.

छबूबाई दारातून बघत होती. तिचा चेहरा उतरला. जवळ येऊन तिने लेकीच्या तोंडातली नळी काढली, पदराने पुसली आणि यंत्र भाग्येशच्या उशाशी ठेवलं.

"भाऊनं शे ते," ती म्हणाली.

मग लेकीच्या ओढणीची सुटलेली पिन तिने पुन्हा नीट लावली.