अफताबचं दहावं वर्ष

तासगावात बेसबॉल खेळतात असं सांगितलं की पुण्याचे लोक आधी हसतात. हसू देत बापडे. पस्तीस वर्षांपूर्वी शाळेतल्या पी. टी.च्या सरांनी कुठल्याशा शिबिरात हा खेळ पाहिला आणि येताना एक बॅट, दोन ग्लोव्हज आणि अर्धेमुर्धे पाठ केलेले नियम घेऊन आले. द्राक्षवाल्यांची पोरं त्या खेळाला अशी चिकटली की गावात नवजवान बेसबॉल मंडळ उभं राहिलं. मंडळाला खोली मिळाली, खोलीत मानाची भिंत झाली, आणि त्या भिंतीवर आपलं नाव लागावं म्हणून चांगली पिकल्या केसांची माणसं झुरू लागली.

भिंतीवरची पहिली बारा नावं सरांनीच ठरवली. पुढची नावं मतदानाने चढवायची आणि मत द्यायचा हक्क भिंतीवरच्यांनाच, असं ठरलं. बारांपैकी नऊ मतं पडली तर पेंटर बोलवायचा. नाही पडली तर पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं. अशांना मंडळात 'परतीचे उमेदवार' म्हणतात. दहा वेळा उभं राहूनही जमलं नाही तर नाव यादीतून कायमचं गेलं. मत बेदाण्याने द्यायचं, हिरवा म्हणजे हो आणि काळा म्हणजे नाही. मतदार बहुतेक बेदाण्याचे व्यापारी, म्हणजे दाणा हातात आला की चवीला तोंडात गेलाच. पहिल्या मतदानाला बारा जणांचे अकराच दाणे डब्यात निघाले, तेव्हापासून मोजणी होईपर्यंत कुणी काही खायचं नाही असा पोटनियम आहे. एवढं करून नऊ वर्षांत भिंतीवर एकही नवं नाव चढलेलं नाही. आत बसलेल्या माणसाला दार लावून घ्यायची फार हौस असते.

परतीच्या उमेदवारांची पारख करून टिपण लिहायचं काम शांतिनाथ बिरनाळ्यांकडे होतं. अण्णा बेदाण्यातले जुने जाणकार, एकेकाळचे मंडळाचे कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू धरणारे. भिंतीवर त्यांचं नाव तिसरं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. बेदाणा निवडावा तसा ते खेळाडू निवडत: आधी रंग, मग गर, मग दाण्याला कुठे डाग आहे का ते. डाग सापडला की अण्णांचा चेहरा खुलत असे.

यंदा परतीचे तिघे होते. लालासाहेबांचं हे चौथं वर्ष. त्यांनी मारलेला चेंडू एकदा थेट कोल्ड स्टोरेजच्या पत्र्यावर पडला होता, हे अण्णांनी मान्य केलं. पण तेवढा एकच पडला होता, हेही लिहिलं. गोमटेशचं दुसरं वर्ष. पाय हरणाचे, पण ऐन सामन्यात डोकं घरी ठेवून येणार. तिसरा अफताब नदाफ, गाद्या भरणारा, मंडळाने पाहिलेला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे बॅटवाल्याला चेंडू टाकणारा. त्याचं हे दहावं, म्हणजे शेवटचं वर्ष. नऊ वर्षं त्याला दर वेळी आठ मतं पडत आली होती. एक मत कायम कमी पडायचं आणि ते अण्णांचं होतं. उरलेले तिघे अण्णांचं टिपण वाचून काळा दाणा टाकणारे, त्यांचं काय धरायचं.

टिपणात अण्णा दर वर्षी एवढंच लिहीत: 'गोलंदाजी उत्तम, परंतु विचार व्हावा.' कसला विचार, ते कधी लिहिलं नाही. ते त्यांनी बावीस वर्षं पोटात ठेवलं होतं. साताऱ्याच्या फायनलला मेढ्याच्या संघाविरुद्ध अफताबने नऊ जण बाद केले. त्याचा चेंडू सरळ यायचा आणि बॅटपाशी आला की खाली बसायचा. ढाल घेऊन गाव नाचलं. पण परतीच्या एसटीत अण्णांनी आपला ग्लोव्हज नाकाशी नेला आणि त्यांना डिपिंग ऑइलचा वास आला. द्राक्षं वाळत घालण्याआधी ज्या तेलाच्या पाण्यात बुडवतात, ते. त्या हंगामात अफताब अण्णांच्याच शेडवर जाळ्या शिवायला येत होता, तेलाचे डबे त्याच्या हाताशीच असायचे. शिवाय प्रत्येक चेंडू टाकण्याआधी तो पँटीवर घासत होता, हे अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चेंडूला काही लावणं या खेळात चालत नाही, आणि इथे तेल लावून ढाल जिंकली, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते पक्कं बसलं. गावाची ढाल जाईल म्हणून बोलले नाहीत. अफताबशी बोलणंच सोडून दिलं.

यंदा शेवटचं वर्ष असल्याने अण्णांनी ठरवलं, आता सगळं लिहायचं. रविवारी संध्याकाळी बैठक, म्हणून सकाळीच त्यांनी सुनेला, ब्राह्मीला, मोबाइल घेऊन समोर बसवलं आणि टिपण सांगायला सुरुवात केली. पलीकडे त्यांची बायको चंदनबाला बेदाण्याच्या काड्या काढत बसली होती. अण्णा रंगात आले. ग्लोव्हज, वास, शेडवरचा डबा, पँटीवर घासलेला चेंडू, सगळं त्यांनी वकिलासारखं एकाला एक जोडून मांडलं. ब्राह्मी टाइप करत होती. 'खेळास काळिमा' एवढं झालं तेव्हा चंदनबालाने मान वर केली.

"आवं, कुठलं तेल म्हणताय? साताऱ्याला गेलता तवाचं?"

अण्णांनी मध्ये बोलू नको म्हणून हात केला.

"त्ये मी लावलंतं," ती म्हणाली. "तुमच्या त्या हातमोज्याचं कातडं वाळून तडकलं हुतं. आदल्या दिवशी मी शेडवर हुते, डबा तिथंच हुता. म्हटलं, कातडं जरा मऊ पडंल. चांगलं वाटीभर जिरवलं की त्यात. तुमीच म्हणाला नव्हता का, आज चेंडू हातात कसा गप बसतोय म्हणून?"

ब्राह्मीचा अंगठा थांबला. हे पण लिहायचं का, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. अण्णांनी पाण्याचा तांब्या मागितला.

हिशेब सरळ होता. पिचरने टाकलेला चेंडू कॅचरकडे येतो, आणि तोच चेंडू कॅचर परत पिचरकडे फेकतो. तेल अण्णांच्या ग्लोव्हजमध्ये. म्हणजे साताऱ्याच्या मैदानावर चेंडूला तेल लावत होते ते खुद्द शांतिनाथ बिरनाळे, प्रत्येक चेंडूला, न चुकता. अण्णांना स्वतःची अशी लाज वाटली की बायको-सुनेसमोर बसवेना. ते टोपी न घालताच घराबाहेर पडले.

अफताब आपल्या दुकानात सुई-दोरा घेऊन गादीला टाके घालत होता. बावीस वर्षांनी अण्णा दारात आलेले पाहून त्याची बायको ताहेरा गडबडली आणि चहा टाकायला आत पळाली. अफताब मात्र उठला नाही. टाका पुरा केला, दोरा तोडला आणि गादीवरच जागा करून दिली. अण्णांनी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. काही वगळलं नाही, नऊ वर्षांचे काळे दाणेसुद्धा नाही.

"मला पयल्याच डावात कळलं हुतं," अफताब म्हणाला.

काय कळलं, असं अण्णांनी विचारलं.

"तुज्याकडनं चेंडू यायचा त्यो बुळबुळीत. बोटात ठरंना. मग पुसायचा पँटीला आन टाकायचा. पुसून पुसून पँट गेली माजी, गड्या. ताहेरानं लय धुतली, वास जाईना."

मग बोलला का नाहीस, असं अण्णांनी विचारलं. अफताब हसला. बोललो असतो तर पंचांनी तुला बाहेर काढलं असतं, आणि तुझ्या जागी बसायला कोण होतं, तर हरिबा, असं तो म्हणाला. हरिबाला हातात आलेला चेंडूही कधी धरता आला नाही, हे दोघांनाही माहीत होतं. सामन्यानंतर सांगू म्हटलं तर तू तोंड फिरवलंस, आणि तोंड फिरवलेल्या माणसाला काय सांगायचं, असंही तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच अण्णांना ते जास्त लागलं.

चहा घेऊन आलेली ताहेरा मात्र गप्प बसली नाही. बैठकीच्या दिवशी हा माणूस दर वर्षी दुकान लवकर बंद करतो आणि अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसतो, कुणी बोलवायला येतंय का बघत, असं तिने सांगितलं. अफताबने तिला गप्प केलं, पण सांगून झालं होतं. निघताना त्याने अण्णांना बजावलं की बैठकीत यातलं काही बोलू नकोस, नुसता हिरवा दाणा टाक. खेळात खोट निघाली तर नाव उतरवायचं, असा नियम तुझाच आहे, उगाच स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घालवशील. अफताब कधी भिंतीवर चढलाच तर म्हणूनच अण्णांनी हा नियम घालून घेतला होता, हेही त्याला माहीत होतं.

संध्याकाळी बैठकीत अण्णा उभे राहिले आणि सगळं बोलले. तेच हरिबा आता मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी घाईघाईने मतदान घेतलं. लालासाहेब आणि गोमटेश नेहमीप्रमाणे पडले. अफताबचा डबा उपडा केला तर बाराच्या बारा दाणे हिरवे. भिंत झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. दोघे जण स्कूटरवरून अफताबला आणायला गेले.

तो येईपर्यंत अण्णांनी दुसरी गोष्ट लावून धरली. माझं नाव उतरवा. हरिबा म्हणाले, अण्णा, चूक नकळत झाली, जाऊ द्या. अण्णा म्हणाले, तेल नकळत लागलं, पण बावीस वर्षं मी त्या माणसाला एकदाही विचारलं नाही, ते नकळत नव्हतं. शेवटी नियमाप्रमाणे नाव उतरवण्यावरही मतदान घ्यायचं ठरलं. अण्णांचं स्वतःचं मत धरायचं नव्हतं, म्हणून मतदार राहिले अकरा. मोजले तर उतरवा म्हणणारे आठ निघाले. दर वर्षी अण्णांची लांबलचक टिपणं ऐकून कंटाळलेल्यांनीही त्यात हात धुऊन घेतले असावेत. नाव उतरवायलाही नऊच लागत होते.

तेवढ्यात अफताब दारात आला. खांद्याला कापूस तसाच चिकटलेला. हरिबांनी त्याला जवळ घेतलं, अभिनंदन केलं आणि म्हणाले, आता तुझं नाव भिंतीवर, म्हणजे बारावं मत तुझं, आणि ते लगेचच द्यायचं आहे. काय चाललंय ते त्याला समजावून सांगितलं. एका बाजूला हिरव्याची वाटी, दुसऱ्या बाजूला काळ्याची. काळा टाकला तर अण्णांचं नाव जाणार.

अफताबने दोन्ही वाट्यांकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, हा दिलदार माणूस, हिरवा उचलणार. अफताबने काळा उचलला आणि डब्यात टाकला. टाकताना आवाज होईल असा टाकला.

हरिबांनी तो आधीच्या आठांत मिळवून नऊ मोजले.

"परतीचा उमेदवार हुईल की फुडल्या वर्षी," अफताब म्हणाला. "बस एक वरीस ओट्यावर. मग कळंल तुला, शांतिनाथ, बाहेर किती ऊन असतंय त्ये."

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा, आणि मग सगळी खोली. अण्णाही हसले, डोळे पुसत हसले. बावीस वर्षांनी त्यांना त्या माणसाने नावाने हाक मारली होती, आणि त्यासाठी भिंतीवरचं तिसरं नाव जाणं त्यांना मुळीच महाग वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी व्यवहाराचा प्रश्न काढला. आता पुढच्या वर्षी माझं टिपण लिहिणार कोण?

"मी," अफताब म्हणाला. "पन आदी घरी यीन. तुला इचारीन, आन मग लिवीन."