धानाचा ओलावा आणि टेकचंद साहेबांचं बीपी

मी मॉइश्चर मीटर बोलतोय. दवनीवाड्याकडच्या एका धान खरेदी केंद्रावर, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. मूठभर धान पोटात घालायचा, झाकण आवळायचं, की मी ओलावा दाखवतो. आकडा सतरापर्यंत असला तर धान पास. त्यापुढे गेला, की आमचे ग्रेडर टेकचंद साहेब मान वर न करता म्हणतात, "चालत नाही. वाळवून आणा."

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, राबावं तर यंत्रानंच. पण साहेबांपुढे मी अगदीच ऐदी ठरलो. धान तपासणारे ते, बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मोजून देणारे ते, ऑनलाइन नोंदी करणारेही तेच. समोर ट्रॅक्टरांची रांग आणि दर दहा मिनिटांनी वरच्या साहेबांचा फोन, "टारगेट हुआ क्या?" फोन वाजला की यांचा हात आधी जळजळणाऱ्या पोटावर जायचा, मग फोनवर. डबा सकाळी येई तसाच संध्याकाळी परत जाई. डोकेदुखीची गोळी तेवढी वेळेवर. मला फार वाईट वाटायचं, पण मला बोलता येतात ते आकडे, तेही फक्त धानाचे.

गेल्या महिन्यात आरोग्यसेविका रविताताई रांगेतल्या लोकांचं बीपी तपासायला आल्या. साहेबांचा चेहरा बघून त्यांनी पट्टा आधी त्यांच्याच दंडाला गुंडाळला. साहेब दुसऱ्या हातानं नोंदी करतच राहिले.

"अगं बाई, एकशे ऐंशी!" रविताताई दचकल्या.

साहेबांनी मान वर केली नाही. "चालत नाही. वाळवून आणा."

सगळी रांग खो खो हसली. रामबाई तेवढी हसली नाही. तिचा धान साहेबांनी दोनदा परत पाठवला होता. ती पुढे आली आणि टेबलावर हात आपटला.

"कोणाले वाळवून आणू? तुमालेच? माह्या धानाले दोनदा घरी धाडलं न, आता तुमी जा! काऊन मरून राहिले जी इथं बसून?"

तेव्हा कुठे साहेबांनी आकडा पाहिला आणि नोंदी थांबवल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांची सक्त रजा.

त्यांच्या जागी वरून दोन माणसं आली. चौथ्या दिवशी दोघंही डोकं धरून बसली. मग मात्र नोंदींसाठी वेगळा माणूस मिळाला, कायमचा.

साहेब परतले त्या दिवशी रामबाई तिसऱ्यांदा धान घेऊन हजर. मी सोळा दाखवले आणि माझाच जीव भांड्यात पडला. पण ती पोती उतरवू देईना. रविताताईंना ती सोबतच घेऊन आली होती.

"पहिले यायचं बीपी मोजा."

एकशे तीस निघालं. रामबाईनं साहेबांच्याच थाटात निकाल दिला, "चालते. घ्या साहेबाले."

आज आता एक वाजलाय. फोनही वाजलाय. साहेबांचा हात पोटावर नाही, डब्यावर गेला. "जेवून राहिलो, साहेब. अर्ध्या तासानं करा."

मंडळी, तुम्हीही जेवून घ्या. तोवर मीही रिकाम्या पोटी जरा पडतो.