दोन फळ्या

मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कुणी सांगितलं तर स्वच्छतागृहाच्यासुद्धा. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की त्याची खैर नसते, असा माझा लौकिक. म्हणून तर हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गल्लीच्या तोंडाशी सुतारदादांचं दुकान आहे. आमचं ठरलं, त्यांनी मला कामाचं टेबल करायचं, मी त्यांची पाटी रंगवायची. पैशाचं नाव नाही. माप घ्यायला आले ते माझंच घेऊन गेले! कोपर कुठे टेकतं, पाठ कुठे भरून येते. "डावखुऱ्या आहात, उजेड उजवीकडून हवा," म्हणाले. त्या टेबलापाशी बसायला लागल्यापासून माझी पाठ दुखायची थांबली.

पाटीसाठी त्यांनी फळी दिली, दोन वर्षं सावलीत वाळवलेली. हात फिरवला आणि माझी नियतच फिरली. एवढं लाकूड रंगाखाली कशाला घालवायचं? मी आतल्या खोलीत त्याचं शेल्फ केलं. माळ्यावर एका बंद पडलेल्या सलूनची जुनी पाटी होती. ती घाईघाईत घासली, अस्तराचा एकच हात मारला आणि वर त्यांची अक्षरं काढली. फुकटचंच तर काम आहे, असं मनात आलं होतं. हो, आलं होतं.

"त्यांची फळी कुठंय गं?" माझ्याकडेच राहणाऱ्या आत्याने विचारलं.

"तू तुझा चहा पी."

पाटी मीच शिडीवर चढून ठोकली. त्यांना हात लावू दिला नाही. केवढी आपुलकी, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना.

तीन महिन्यांत रंग तडकला. दादा दारात येऊन उभे, मान खाली.

"ताई, माफ करा. फळी माझीच कच्ची निघाली. लोक तुमच्या कामाला नावं ठेवायला लागलेत."

तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी बया काय म्हणाले? "होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका." म्हणजे मीच त्यांना माफ केलं! आत्या उठून आत निघून गेली.

"आत्ताच उतरवतो," म्हणत ते गेले आणि मला एकदम आठवलं. पाटीची मागची बाजू मी रंगवलीच नव्हती. त्या सलूनचं कात्री-कंगव्याचं चित्र तिथं तसंच होतं. चपला न घालता धावले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर दादा शिडीवर, पाटी उलटी धरून बघत होते. मी तशीच मागे वळले. त्यांनी मला पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. खांद्यावर दोन फळ्या, तशाच वाळलेल्या. आता चांगलं फैलावर घेतील म्हणून मी वाट बघत होते. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी फळ्या हळूच भिंतीला टेकवल्या.

"ही पाटीसाठी," म्हणाले. "आणि ही तुम्हाला. आवडली होती तर मागायची ना, ताई."