तोंडावरचा जवळा

फेलिशियाने टोपलीतला कालचा जवळा सुकवायला ओतला, तो नेमका स्वतःच्याच तोंडावर. तिची आई सालोमी खराटा टाकून धावत आली.

"अगो, तोंड सोड! पप्पा बघतील तर जेवनार नाय आज."

तोंड म्हणजे फ्लेक्सवरचं. तीन वर्षांपूर्वी फेलिशियाने एका दूरच्या, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला, तेव्हा पाचूबंदरच्या धक्क्यावर गावात पुढारीपण करणाऱ्या केनीने हा फ्लेक्स लावला होता. 'आमच्या फेलिशियाने नवा ग्रह शोधला, हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, त्यात केनीचा तिच्याहून मोठा. बंदरावर काहीच वाया जात नाही. पावसाळ्यात हा फ्लेक्स बोटीच्या इंजिनावर जाई, एरवी जवळ्याखाली. फक्त लेकीचा चेहरा मोकळा ठेवायचा, असा लुईसचा सक्त हुकूम होता.

फेलिशियाने आपल्या नाकावरचा जवळा बाजूला सारला. त्या हसऱ्या फोटोकडे तिला बघवेना, कारण तो ग्रह नव्हताच. बाळताऱ्यांभोवतीची धूळ एकत्र येऊन ग्रह कसे घडतात, याच्यामागे तिने अठरा वर्षं घालवली होती. आणि नव्या निरीक्षणांत, ग्रह समजलेला तो चमकणारा ठिपका निघाला नुसता धुळीचा ढीग. तसा पेपर लिहून पंधरा दिवस झाले तरी तो लॅपटॉपमध्येच पडून होता. पुण्यातला सहकारी म्हणाला होता, राहू दे, कोणी विचारलं तर बघू. ती थांबली होती ती त्याच्या सांगण्यावरून नाही. मासळीच्या लिलावातही लेकीचा ग्रह सांगत सुटणाऱ्या बापाचं तोंड आता कसं दिसेल, या धास्तीने तिला पुढचं सुचत नव्हतं.

तेवढ्यात लुईस आला. खांद्यावरची टोपली रिकामी.

"आले हात हलवत," सालोमी म्हणाली. "आन वरतून वायरलेसवर सगल्या बंदराला सांगून मोकले."

"सांगावं लागतं. तिकडं म्हावरं नाय हे कललं, तर बाकीचे जानार नाय. डिझेल काय फुकट मिलतं?"

बंदराची ही जुनी रीत. ज्याचं जाळं रिकामं, त्याने किनाऱ्याला लागायच्या आधी बोलायचं. लपवणाऱ्याला पुढच्या खेपेला कोणी काही सांगत नसे.

फेलिशियाने हात झटकले. आता नाही तर कधीच नाही.

"पप्पा, तो ग्रह नाहीये. धुळीचा ढीग होता. माझी चूक झाली."

लुईसने फ्लेक्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोनी पकडली चूक?"

"मीच."

"कवा?"

"पंधरा दिवस झाले."

इथे मात्र त्याच्या कपाळावर आठी पडली. "पंधरा दिस? आन कोनाला बोलली नाय?"

"पप्पा, इथे सगळे तुम्हाला..."

"माझं सोड. तिथं आजून कोन बघतंय?"

"दोन गट आहेत. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळालाय त्यांना. तोच ग्रह बघणार आहेत."

"मग त्यांचं डिझेल जलतंय ना, बाय!"

फेलिशियाला हसू आलं आणि रडूही. जगभरच्या परिषदा पालथ्या घातलेल्या बाईला हे साधं वाक्य पंधरा दिवस सुचलं नव्हतं. तिने घरातून लॅपटॉप आणला, ओट्यावर बसली आणि जवळ्याच्या वासाच्या बोटांनीच पेपर पाठवून दिला. मग त्या दोन गटांना एकेक ईमेल लिहिली.

"गेलं," ती म्हणाली.

लुईस तोवर फोनवर होता. "केनी, नवा फ्लेक्स पायजेल. फोटो तोच. लिव, आमच्या फेलिशियानं शोधून काढलं, तिथं ग्रह नाय." पलीकडून केनी बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. "हां, अभिनंदन पन लिव. का नको? आन तुझा फोटो जरा बारीक ठेव."

फोन खिशात टाकून त्याने जवळ्याची दुसरी टोपली उचलली आणि लेकीच्या हातात दिली.

"घे, पसर. आता तोंडावर घातलास तरी चालंल. नवीन येतोय."