चिंचेने घासलेली कळशी

चिखलोलीच्या त्या टू-बीएचकेत नव्या माशाला थेट हॉलमध्ये प्रवेश नसे. आधी धाकट्या खोलीतल्या बोडक्या टाकीत, पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याआड महिनाभर बसायचं. अंगावर पांढरे ठिपके नाहीत हे सिद्ध करायचं. मालकाच्या डोळ्यांदेखत खाऊन दाखवायचं. मग कुठे हॉलमधल्या तीनशे लिटरच्या समुद्राचं दार उघडायचं. हा हेमंतचा नियम, आणि हेमंत नियमाला पक्का. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत तो क्वालिटी बघायचा. माल नापास करण्यात त्याची हयात चालली होती.

त्याचे वडील शंकरराव मात्र मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बदलापूर गावातून एक पिशवी, एक काठी आणि एक तांब्याची कळशी घेऊन रिक्षातून उतरले, ते सरळ घरात. ना कोणी ठिपके बघितले, ना खाणं.

"माशाला महिना आणि सासऱ्याला मिनिट," हेमंतची बायको रोहिणी फोनवर नणंदेला म्हणाली.

वांगणीची भारती हसली, पण बेताने. दिवाळीनंतर बाबांना तिच्याकडे न्यायचं ठरलं होतं. आज हसलो तर ते हसणं उद्या अंगावर येईल, एवढं तिला कळत होतं.

रोहिणीचं शंकररावांशी वैर होतं असं नाही. वैराला लागतो तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. लग्नानंतरची सात वर्षं तिने बदलापूर गावात, सासऱ्यांच्या दोन खोल्यांत, त्यांच्या खाकरण्यावर उठून काढली होती. त्यानंतर नवऱ्याच्या मागे लागून लागून हा फ्लॅट पदरात पाडून घेतला होता. हेमंत सकाळी सातला गेला की संध्याकाळपर्यंत घर तिचं. दुपारी पंखा लावून हॉलमधल्या सोफ्यावर पाय पसरायचे, ही तिची सात वर्षांची कमाई. आता त्या सोफ्यावर काठी टेकवून शंकरराव बसत.

आणि नुसते बसत असते तरी चाललं असतं. पोळी पातळ झाली की ते ती उजेडात धरत. "पलीकडचं दिसतंय, रोहिणी. याच्यातून पेपर वाचता येईल." ती दुपारी जरा आडवी होऊन उठली की, "झाली का सकाळ?" खाली वॉचमनला सांगत, "आमच्याकडे माशांना चार वेळा, मला दोन वेळा. पुढच्या जन्मी खाऱ्या पाण्यात पडावं म्हणतो." वॉचमन ते सगळ्या बिल्डिंगला सांगे.

दिवाळीपर्यंत, रोहिणी मनाशी म्हणे. दिवाळीपर्यंत काय, माणूस दाढदुखीही सहन करतो.

शंकररावांची खाट धाकट्या खोलीत पडली, माशांच्या टाकीला लागून. त्या टाकीत तेव्हा एकच पाहुणा होता. लांब चोचीचा, पिवळ्या पट्ट्यांचा, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या मुकेशच्या दुकानातून आणलेला. हेमंत त्याला चोच्या म्हणायचा. चोच्याला ठिपके आले होते म्हणून पाण्यात औषध चालू होतं. औषधाच्या बाटलीला हेमंतने लाल पट्टी गुंडाळून ठेवली होती. आत तांबं. आजारी माशाच्या अंगावरची कीड तांब्याने मरते. पण हॉलच्या टाकीतल्या लाल-पांढऱ्या कोळंब्या, शंखातल्या गोगलगायी, ते फुलासारखं डुलणारं ॲनिमोन, यांना तेच तांबं विष. जाळं वेगळं, बादली वेगळी, हात धुवायचा साबणही वेगळा. ज्योतिषाने सांगितली म्हणून आईने दिलेली तांब्याची अंगठी घालून रोहिणी एकदा हॉलच्या टाकीची काच पुसायला गेली, तर हेमंतने तिचा हात मनगटात धरून बाहेर काढला होता. पाऊण तास व्याख्यान झालं. अंगठी कपाटात गेली आणि व्याख्यान डोक्यात राहिलं.

शंकररावांना हे व्याख्यान मिळालं नाही. त्यांनी टाकीला हात लावायचाच नव्हता, मग सांगायचं कशाला, असा हेमंतचा विचार. क्वालिटीवाल्यांना मशीनची चूक दिसते, स्वतःची दिसायला दुसरा क्वालिटीवाला लागतो.

ठिपके गेले, पण चोच्या खाईना. हेमंतने फ्रोझन कोळंबी दिली, लसणाच्या रसात बुडवून दिली, डासांच्या अळ्या आणून दिल्या. चोच्या जवळ यायचा, एका डोळ्याने बघायचा आणि पाइपाआड जायचा. पोट आत गेलं, पाठ सुरीसारखी झाली. हेमंतचंही जेवण कमी झालं. रोहिणी तापाने पडली होती तेव्हा झालं नव्हतं.

मुकेशचा फोन स्पीकरवर असायचा. "हेमंतभाई, ये मछली नहीं, जमाई है. मनाना पडेगा. खाएगा तो आपका, नहीं खाएगा तो भगवान का."

एका रविवारी रोहिणीने बाजारातून तिसऱ्या शिंपल्या आणल्या. सासऱ्यांनी रिकामं का बसावं म्हणून ताट त्यांच्या खाटेवर नेऊन ठेवलं. "बाबा, एवढ्या फोडून द्या." शंकररावांनी विळीवर एक शिंपली उघडली, माशाकडे बघितलं, आणि गंमत म्हणून ती टाकीत सोडली. "घे, तू तरी जेव. या घरात मागितल्याशिवाय मिळत नाही."

शिंपली उताणी तळाला बसली. चोच्या पाइपाआडून आला, डोकं वाकडं केलं आणि चोच आत घालून टोचू लागला. टोचतच राहिला.

हेमंत दारात उभा होता. त्याचे डोळे भरून आले. बापाच्या ऑपरेशनच्या दिवशी तो सहीपुरता अर्धा तास येऊन गेला होता. आज त्याने बापाचा खांदा दाबला. "बाबा, तुमच्या हाताला काहीतरी आहे."

"चाळीस वर्षं आहे," शंकरराव म्हणाले. "तुला आज वास आला."

रात्रीच्या जेवणाला निर्णय झाला. बाबा इथेच राहणार. चोच्याला रोज शिंपल्या उघडून घालणार. शिवाय हॉलच्या टाकीतलं पाणी वाफेने उडतं, तेवढं आरओचं गोडं पाणी रोज सकाळी भरणार. रोहिणीने पोळी वाढली. ती पातळ होती, पण त्या रात्री कोणी उजेडात धरली नाही.

तिने भारतीला फोन केला. "अगं वहिनी, बाबांचं मन रमलंय ना, मग मी कशाला ओढू?" भारतीचा आवाज इतका मऊ झाला होता की रोहिणीला फोन कानापासून लांब धरावासा वाटला. आठवड्याच्या आत भारतीने बाबांसाठी रिकामी केलेली खोली नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला भाड्याने दिली.

म्हणजे दिवाळीनंतर नव्हे, आता कधीच नव्हे.

आठवडाभर पाणी हेमंतनेच भरलं, मग एका सकाळी ते बाबांवर सोपवून तो कामावर गेला. रोहिणी ओट्याशी चहा टाकत होती. शंकरराव काठी भिंतीला लावून, कळशी दोन्ही हातांत धरून हॉलच्या टाकीकडे निघाले होते.

"बाबा, बादलीतलं पाणी घालायचंय ना?"

"ते मशीनचं? मेलेलं असतं ते. ना चव, ना सत्त्व. माझं सगळं आयुष्य ज्या पाण्यावर गेलं तेच यांना घालतो. रात्रभर तांब्यात मुरलेलं."

रोहिणीने तोंड उघडलं. 'बाबा, नको, मरतील,' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं.

"आणि चहात आज तरी दूध दिसू दे," शंकरराव म्हणाले. "काल वाटलं काढा दिला."

तिने तोंड मिटलं. माणसाच्या हातून मोठं पाप घडायला मोठं कारण लागतं असं पोथीत असतं. घरात चहा पुरतो.

"दूध घालते, बाबा," ती म्हणाली. मागे पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. सकाळी उठून बघितलं, कोळंब्या नाचत होत्या, ॲनिमोन डुलत होतं. काही झालं नव्हतं. भीती गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. तिला वाटलं, हे फार सावकाश चाललंय.

"कळशी किती काळी पडलीये, बाबा. द्या, घासून देते."

तिने चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि कळशी आतून-बाहेरून घासली. तांब्याच्या भांड्यात आंबट राहू देऊ नये, पाणी कळकतं, हे तिला आईने लहानपणीच शिकवलं होतं. म्हणून धुताना तिने फार खळबळून धुतली नाही. शंकरराव पितातही त्यातलंच, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं कोणी म्हणू नये. पोट थोडं कुरकुरेल, तिने ठरवून टाकलं. त्याहून जास्त काय होणार?

मग रोजच घासू लागली. शंकररावांना तोंडात कडवट चव येई, मळमळे. ते दोष डोळ्यांच्या गोळ्यांना देत. पण घरातला सूर बदलला. टोमणे थांबले. शेजारच्या वेणूताईंना ते जिन्यात सांगत होते, "सून तोंडाने तुसडी आहे, पण कळशी बघा. आरसा करून ठेवते रोज. आमच्या हिनेसुद्धा कधी केला नाही." रोहिणी आतून ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर सासऱ्यांनी काही जमा केलं होतं. तिने मागे वळून चिंचेचा डबा बघितला. संपत आली होती. संध्याकाळी भाजीबरोबर तिने नवी आणली.

आधी गोगलगायी काचेवरून सुटल्या आणि वाळूत उताण्या पडल्या. मग एक कोळंबी कुशीवर पडून पाय हलवत राहिली. ॲनिमोनने तोंड वासलं, आक्रसलं, आणि त्याचा पिळलेल्या फडक्यासारखा गोळा झाला. हॉलमध्ये वास सुटला. हेमंतने रजा टाकली. मीठ मोजलं, तापमान मोजलं, पंप उघडून बघितला. मुकेश फोनवर म्हणाला, "मछली जिंदा है, झींगा मर गया? कॉपर देखो, हेमंतभाई." हेमंतने लाल पट्टीची बाटली काढली. झाकण जसंच्या तसं. तरी त्याने हॉलच्या टाकीचं पाणी परीक्षानळीत घेऊन तांबं तपासायचे थेंब टाकले. पाणी निळं झालं.

तो नळी हातात धरून सोफ्यावर बसला होता, रोहिणी खाली मेथी निवडत होती, आणि नेमके तेव्हा शंकरराव कळशी घेऊन बाहेर आले. त्यांची वेळ झाली होती.

"बाबा, हे काय?"

"पाणी."

"कुठे घालताय?"

"टाकीत. रोज घालतो. मरगळलेत बिचारे, म्हणून आज जास्त आणलंय."

हेमंत ओरडला नाही. नापास माल तो नेहमी हळू आवाजातच परत पाठवायचा. "तुम्ही मारलंत सगळं. तांबं घालून मारलंत. ऑपरेशन डोळ्याचं केलं आपण, डोक्याचं करायला हवं होतं."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"पोराला विचारायचं. बादली भरून ठेवतो मी, ती कशाला? पाय धुवायला?"

 कळशीतलं पाणी फरशीवर सांडलं. "चोरून नाही घातलं. रोहिणीसमोर घालतो. तीच तर रोज घासून देते. चिंचेने."

मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला. हेमंतने मान वळवून बायकोकडे बघितलं. 

"मला वाटलं पिण्यासाठी," रोहिणी म्हणाली.

शंकररावही तिच्याकडे बघत होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्यांना आता स्वच्छ दिसायचं. "तरीच तोंड कडू व्हायचं," ते म्हणाले, आणि कळशी खाली ठेवून खोलीत गेले.

रोहिणीला वाटलं, आता आपली पाळी. पण पाळी आली शंकररावांची. रविवारी हेमंतने वडिलांना वांगणीला नेऊन सोडलं. भारती दारातच म्हणाली, "आधी कळवायचं तरी, दादा. खोली दिली ना मी." खाट स्वयंपाकघरामागच्या पडवीत लागली. हेमंत चहाला थांबला नाही. चोच्याची खायची वेळ होती.

सोमवारी सातला दार लागलं आणि घर रोहिणीचं झालं. तिने भरपूर दूध घालून चहा केला, पंखा लावला, सोफ्यावर पाय पसरले. दुपारी गाढ झोपली. उठल्यावर कोणी सकाळ झाली का विचारलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात हेमंत, त्याच्यामागे मुकेश, आणि जिन्यावर थर्माकोलच्या खोक्यांची चळत.

"भाभी, रास्ता दो," मुकेश म्हणाला. "माल नाजूक है."

"हे काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तांबं दगडांत मुरलंय, वाळूत मुरलंय." हेमंत बूट काढत होता. "या टाकीत आता कोळंबी कधी जगायची नाही. पण आजारी माशांसाठी झकास टाकी आहे. मुकेशचा सगळा नवा माल यापुढे आपल्याकडे उतरणार. ठिपके गेले, खायला लागले की दुकानात जातील. बाबांच्या खोलीत उद्या रॅक बसतील, आणखी टाक्या येतायत."

"आणि बघणार कोण?"

"तू. चार वेळा खाणं, दोन वेळा पाणी, दुपारी औषध. माणूस ठेवला तर सगळं शिकवावं लागेल." त्याने बूट रॅकमध्ये नीट जोडून ठेवले. "तांब्याचं तुला सगळं येतं."

"भाभीजी को आता है? फिर क्या टेंशन है," मुकेश खूश झाला.

रोहिणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "किती दिवस?"

"खायला लागेपर्यंत. मग हे जातील, दुसरे येतील."

"मला आईकडे जायचं असलं तर?"

 हेमंत गुडघ्यांवर बसून खोक्याची पट्टी कापत होता. आतून त्याने पाण्याने फुगलेली पिशवी काढली. तिच्यात एक निळा मासा कुशीवर पडून भराभर श्वास घेत होता. हेमंतने ती दोन्ही हातांनी रोहिणीपुढे धरली.

"हळू घे," तो म्हणाला. "घाबरलाय तो."