वजन गिळणारी सायकल

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि जमलेल्यांत मुंगीच्या अंगाचं तर कुणीच नव्हतं. दुहेरी हनुवटीचे, ढेरपोटे, जिना चढताना कठड्याला लोंबकळणारे असे सगळे एकमेकांना चेपत, टाचा उंचावून समोर बघत होते.

समोर चौथऱ्यावर व्यायामाची सायकल होती, जागच्या जागी फिरणारी. तिच्यावर चक्रमहाराज बसले होते. माणूस इतका किडकिडीत, की त्याने झब्बा घातलाय की झब्ब्याने त्याला वाळत घातलंय, ते कळू नये. शेजारी पळायच्या पट्ट्यावर त्यांचा शिष्य कधीचा धावत होता. दोघांच्या मधोमध वजनाचा काटा, आणि त्याचे लाल आकडे भिंतीवर एवढाल्या अक्षरांत.

"चरबी म्हणजे काय?" महाराजांनी पायडल मारता मारता विचारलं. "चरबी म्हणजे साचलेला आळस! आळस तुमचा, पायडल माझं. तुम्ही बसा, मी झिजतो. मी झिजतो, तुम्ही वाळता!"

"वाळतो, महाराज, वाळतो!" गर्दी गरजली.

एकेक भक्त काट्यावर चढत होता. आधी दोन्ही हात डोक्यावर ठेवून ताठ उभं राहायचं. हे 'भोगवजन'. मग खुर्चीत बसून महाराजांचे पाय फिरताना डोळे भरून पाहायचे. थोड्या वेळाने पुन्हा काट्यावर. या खेपेला डोळे मिटायचे, तळवा सायकलच्या हँडलवर टेकायचा, मान झुकवायची आणि सगळा भार त्या चक्राला अर्पण करायचा. सेवेकरी कानाशी ओरडायचा, "दे! दे! दे!" आणि भिंतीवरचा लाल आकडा सरसर खाली उतरायचा. हे 'कृपावजन'.

"पाच किलो!" सेवेकरी किंचाळला.

काट्यावर उभा असलेला शिंपी डोळे उघडून, वरात निघाल्यासारखा हात हलवू लागला. मागच्या रांगेत त्याची बायको उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे निम्मं गाव तिला 'बाई' म्हणायचं आणि उरलेलं निम्मं तिला घाबरायचं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला केव्हाच बजावलं होतं. शुगर वाढलीय, रोज गोळ्या घ्या, वजन उतरवा. सायकल चालवा नाहीतर पळा. त्या 'नाहीतर'ने घात केला. शिंपी सायकलच्या बाजूने उभा राहिला, आणि बाईंचा धाकटा भाऊ पळण्याच्या बाजूने. हा भाऊ टपालखात्यात होता आणि घेरात मेहुण्याला हार जाणारा नव्हता. रोज संध्याकाळी दोघं शिंप्याच्या दुकानात समोरासमोर बसायचे.

"भाऊजी, पळताना सगळं अंग हलतं."

"तुझं बसल्या जागीही हलतं. सायकलला गुडघ्यांचा विचार असतो."

"आणि बुडाचा? ती सीट पाहिलीत का?"

वाद असा रंगायचा की दोघांनाही घाम फुटायचा. तेवढाच काय तो व्यायाम. ना कुणी सायकलवर टांग टाकली, ना कुणी चार पावलं पळालं. अशात चक्रमहाराज आले आणि म्हणाले, "चालवायची कशाला? पळायचं कशाला? मी आहे ना!" दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. शिंपी हँडल धरू लागला, भाऊ पट्ट्याचा कठडा.

बघता बघता भक्तांत दोन तट पडले. कठडा धरणाऱ्यांचे आकडे जास्त उतरायचे. "माझे सात गेले, ताई, यांचे पाचच," भाऊ छाती काढून सांगायचा. छातीबरोबर पोटही निघायचं. सायकलवाले म्हणायचे, तुमचं पाप जास्त, म्हणून वजन जास्त जातं. एकदा तर दोन्ही तटांची जुंपली आणि महाराजांना मध्ये पडावं लागलं. म्हणजे ते सायकलवरूनच मध्ये पडले, उतरले नाहीत.

मग शिंप्याच्या दुकानात पँटी आत घ्यायला रांग लागली. शिंपी टेप लावायचा, तर कंबर पहिल्याएवढीच भरायची, कुणाची त्याहून जास्तही. पण लाल आकड्यांपुढे टेपचं काय चालणार? "टेप ताणली गेलीय," असं म्हणून तो बिनधास्त कात्री चालवायचा. आत घेतलेल्या पँटी कुणाच्याच कमरेवर चढेनात. एक कारकून तर ऑफिसात खुर्चीवर बसला आणि शिवण अशी फाटली, की शेजारच्या खोलीतून साहेब बघायला आले. तक्रार महाराजांकडे गेली.

"वजन गेलंय, बाळांनो," महाराज शांतपणे म्हणाले. "शरीराला अजून निरोप पोचलेला नाही."

"निरोपाला वेळ लागतोच," टपालखात्यातल्या भावाने अनुभवाने मान डोलावली.

इथवर बाईही हसत होत्या. पण महाराजांनी पुढचं सांगितलं, गोळी म्हणजे फिरत्या चाकात घातलेली काठी, आणि शिंप्याने गोळ्या बंद केल्या. बाईंना कळू दिलं नाही. रोज सकाळी गोळी तोंडात टाकून मोरीत थुंकून यायचा. वजन उतरतंय म्हटल्यावर खाण्यावरचा ताबाही सुटला. घशाला सारखी कोरड पडू लागली. एका दुपारी कापड बेतता बेतता त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिसरी बाही कापली, तिच्याकडे बघत काही वेळ तसाच उभा राहिला, आणि टेबलाखाली कोसळला.

दवाखान्यात हाताला सुई लावून तो पडला होता. डॉक्टरीणबाईंनी शुगरचा आकडा सांगितला तेव्हा बाईंनी तो पुन्हा विचारून घेतला. नंतर तो बसता झाल्यावर त्याला काट्यावर उभं केलं. वजन कमी तर सोडाच, वाढलं होतं.

"तुमच्या काट्यात भाव नाही," शिंपी क्षीण आवाजात म्हणाला.

"काट्यात भाव नसतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाईंना बाजूला घेऊन बोलल्या, "हे एकटे नाहीत. गोळ्या सोडलेले किती येतायत सांगू? मी समजावते, तर म्हणतात तिथला आकडा आम्ही डोळ्यांनी पाहिला. आता डोळ्यांशी कशी भांडू?"

बाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या. त्याच्या बोटांवर वर्षानुवर्षं शिवताना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. ती बोटं गार पडली होती. शाळेत मुलांना इतकी वर्षं काय शिकवलं आपण, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि मग चीड आली.

शिंपी घरी आल्यावर बाई स्वतःच त्या फर्निचरच्या दुकानात रांगेत उभ्या राहिल्या. भोगवजन झालं, खुर्चीत बसून झालं, पुन्हा काट्यावर चढल्या. हँडलवर हात ठेवला, पण अगदी हलका, चादरीवर ठेवावा तसा. लाल आकडा ढिम्म हलेना.

"बाई, जोर कमी पडतोय," सेवेकरी कुजबुजला.

"काय कमी पडतोय?"

"भाव! भाव कमी पडतोय."

बाईंनी हँडल जरा दाबलं. आकडा उतरला. हात सैल सोडला. आकडा चढला. बाई गालातल्या गालात हसल्या आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "महाराज, एक शंका. आमचं वजन जातं कुठे?"

"चक्र गिळतं!" महाराज गरजले. "तुम्हा सगळ्यांचा भार ही सायकल गिळते!"

"म्हणजे सायकल जड होत असेल?"

"डोंगराएवढी!"

"किती जड होते ते बघता आलं, तर लोकांची श्रद्धा केवढी वाढेल!"

सेवेकऱ्याचा चेहरा उतरला. पण गर्दीला ती कल्पना इतकी आवडली, की महाराजांना नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. शेजारच्या गोदामात पोती तोलायचा मोठा सपाट काटा होता. भक्तांनी जयजयकार करत तो ढकलत आणला आणि महाराजांसकट सायकल उचलून त्याच्यावर ठेवली. बाईंनी भावाला पाठवून शिंप्याला बोलावलं आणि डॉक्टरीणबाईंनाही.

"महाराज, पाय जरा स्थिर ठेवा, आकडा डुलतोय," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच महाराजांचे पाय थांबले.

शिंपी नेहमीच्या काट्यावर चढला, डोळे मिटले, हँडलवर तळवा दाबला. त्याचा आकडा पाच किलोंनी उतरला. त्याच क्षणी सायकलचा आकडा पाच किलोंनी चढला.

छत उडेल असा जल्लोष झाला. "गिळलं! सायकलने गिळलं!" एकाने आनंदाने शेजाऱ्याला मिठी मारली, दोघांचा घेर असा की मिठी पुरी होईना. महाराजांनाही क्षणभर आपल्या सामर्थ्याचा धक्का बसलेला दिसला. बाईंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता हात उचला."

शिंप्याने हात उचलला. त्याचे पाच किलो परत आले, सायकलचे गेले.

"ओकली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याने लोभाने परत घेतलं!" महाराज ओरडले.

"ठेवा हात," बाई म्हणाल्या. पाच उतरले, पाच चढले. "उचला." पाच चढले, पाच उतरले. "ठेवा. उचला. ठेवा." शिंपी यंत्रासारखा हात वरखाली करू लागला आणि दोन्ही आकडे झोपाळ्यावर बसल्यासारखे आलटून पालटून झुलू लागले.

बाईंनी एक साधं टेबल ओढून आणलं, ज्याच्यावर सेवेकऱ्याचा चहाचा कप होता. "आता हात यावर टेका."

शिंप्याने टेबलावर भार दिला. सहा किलो उतरले.

"टेबलमहाराज की जय!" कुणीतरी पुटपुटलं, आणि पहिलं हसू फुटलं.

"कुठेही भार टाकला, की तेवढा भार काट्यावर पडत नाही," बाई म्हणाल्या. "जिना चढताना कठड्याला टेकता ना, तसंच. वजन तुमचंच असतं, तुमच्यापाशीच असतं. थोडं पायांवर, थोडं हातावर. पहिल्या वेळी हात डोक्यावर का ठेवायला लावतात? टेकू नयेत म्हणून."

"मग माझे सात कसे गेले?" भाऊ अजून पट्ट्याचा कठडा धरून होता.

"कठडा भक्कम आहे. त्याच्यावर जास्त रेलता येतं."

भावाने कठडा असा सोडला, जणू तो चावला.

मग ज्याला त्याला करून बघायचं होतं. कुणी टेबलावर रेललं, कुणी खिडकीवर, आणि गोळ्या सोडलेली एक म्हातारी सेवेकऱ्याच्याच खांद्यावर. तिचे नऊ किलो गेले. "मी म्हणत होतो, महाराज, या विज्ञानाच्या बाईंना रांगेत घेऊ नका," सेवेकरी कळवळून म्हणाला. त्याने तोंड दाबलं, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. लोक महाराजांकडे सरकू लागले. घाबरलेल्या महाराजांनी जीव खाऊन पायडल मारायला सुरुवात केली. शिष्यानेही पट्ट्यावर वेग वाढवला. दोघं घामाघूम झाले, पण एक इंचभरही पुढे सरकले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच, त्याच टेबलाशी बसून, ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्या होत्या त्यांना बोलावून घेतलं. ती रांग महाराजांच्या रांगेपेक्षा लांब झाली. शिंपी मान खाली घालून पहिला उभा होता.

"एवढं सांगा, डॉक्टर," तो म्हणाला, "सायकल की पळणं?"

"तेवढ्याच वेळात पळण्याने बहुतेक वेळा जास्त झिजतं. सायकलने गुडघ्यांना कमी त्रास होतो. तुमच्या वजनाला आधी सायकल बरी, पण जे रोज कराल तेच खरं. आणि जेवणात हात आखडता घ्यायचा तो तुम्ही, गोळी गिळायची ती तुम्ही, पायडल मारायचं तेही तुम्हीच. बदली माणूस चालत नाही."

"आणि पुन्हा गोळी मोरीत थुंकलात तर मी आहेच," बाई म्हणाल्या. शिंपी चपापला; हे तिला कधी कळलं, ते त्याला कळेना.

मग बाई गर्दीकडे वळल्या. शाळेतल्या फळ्यापुढे उभ्या राहतात तशाच, साध्या आवाजात बोलल्या, "तुमचं दुखणं, तुमचं वजन, तुमची काळजी नाहीशी करतो, असं उद्या दुसरं कुणी येऊन सांगेल. त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, की ते गेलं कुठे? आणि उत्तर मिळालं, तर तेही तोलून बघा."