सातवा प्रश्न

आकारामभाऊंनी सातव्या प्रश्नाच्या 'क' पर्यायावर क्लिक केलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. या आठवड्यातला हा सदतिसावा 'क'. उरलेले तीन प्रश्न उरकले तसे पडद्यावर रंगीत फुगे उडाले, रसायनशास्त्राच्या एका बाईंचं अभिनंदन झालं, आणि शेजारच्या प्रिंटरनं त्यांचं प्रमाणपत्र कुरकुरत बाहेर ढकललं. भाऊंनी कागदाला भोकं पाडून तो फायलीत लावला.

लैंगिक छळ प्रतिबंधाचं ऑनलाइन प्रशिक्षण विद्यापीठातल्या प्रत्येकानं पूर्ण करायचं, असं परिपत्रक दिवाळीनंतर निघालं होतं. पाऊण तासाची फिल्म, मग दहा प्रश्न. फिल्म पुढं पळवता येत नव्हती आणि प्राध्यापकांना वेळ नव्हता. ग्रंथालयात वेळ असतो, असा सगळ्यांचा समज. एकेक जण येऊन चिठ्ठीवर पासवर्ड लिहून देऊन गेला. "भाऊ, तेवढं बघा की." भाऊंना नाही म्हणता आलं नाही. नोकरीच्या चौतीस वर्षांत ते त्यांना कधी जमलंच नव्हतं.

तीन संगणकांवर ते एकदम तीन फिल्मा लावत आणि पुस्तकांना लेबलं चिकटवत बसत. आवाज बंद असला तरी हिरव्या साडीतल्या निवेदिका कुठं थांबतात, कुठं हात पुढं करतात, हे त्यांना पाठ झालं होतं. प्रश्नही पाठ झाले होते. वाचावे लागत नव्हते.

"काका, विजयसिंह सरांचं झालं का हो?"

आस्थापना विभागातली तेजस्वी दारातूनच बोलत आत आली. तिच्या हातात यादी होती आणि गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकली होती, ती सोडवत ती पुढं म्हणाली, "त्यांचं आधी काढा. चारच्या बैठकीला फायलीत लावायचंय."

"कसली बैठक?" भाऊंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"सरांच्या विद्यार्थिनीच्या, प्रीतीच्या तक्रारीची. आज शेवटची. सर म्हणाले, माझं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा कागद समितीसमोर असू दे." तेजस्वीनं खांदे उडवले. "ती पोरगी म्हणती, एक माणूस बघत हुता. पण त्या माणसानं तर लिवून दिलंय, मी तिथं नव्हतो म्हणून. मग समिती तरी काय करणार?"

ती भाऊंकडं बघत होती. भाऊंनी लेबलांचा गठ्ठा सरळ केला.

"काढतो," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी विजयसिंह सरांची चिठ्ठी शोधली. पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि त्याच्या जन्माचं साल. राजवर्धन. भाऊंनी एकेक अक्षर दाबलं. हिरव्या साडीतल्या निवेदिका आल्या.

सप्टेंबरात एका दुपारी ते जुन्या नियतकालिकांच्या दालनात पुस्तकांची ढकलगाडी घेऊन गेले होते. शेवटच्या दोन कपाटांमध्ये सर उभे होते. त्यांनी प्रीतीचं मनगट धरलं होतं. दुसरा हात तिच्या कमरेशी होता आणि तिची पाठ बांधीव अंकांना टेकली होती. गाडीचं चाक वाजलं तसं सरांनी वळून पाहिलं. हात सोडला नाही.

"काय भाऊ, चहा झाला का?"

"व्हय साहेब," भाऊ म्हणाले होते.

आणि त्यांनी गाडी मागं वळवली होती. दोन कपाटांमधली जागा अरुंद. गाडी वळवायला दोनदा मागंपुढं करावं लागलं. तेवढा वेळ प्रीती त्यांच्याकडं बघत होती.

पुढं समितीचं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी सर ग्रंथालयात आले. त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. "आमचा आदर्श चांगलं काम करतोय हं प्रयोगशाळेत," एवढंच म्हणाले. आदर्श भाऊंचा मुलगा. त्याची नेमणूक कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये सरांच्या सहीनं पुढं चालायची. भाऊंनी समितीला एका ओळीत उत्तर दिलं. त्यांचं अक्षर चांगलं होतं. त्या ओळीतही ते चांगलंच आलं.

फिल्म संपली. भाऊंनी सरांचे दहा प्रश्न सोडवले. दहापैकी दहा. फुगे उडाले. प्रमाणपत्र निघालं, ते अजून गरम होतं. त्यावर लिहिलं होतं की डॉ. विजयसिंह यांना या विषयाची पूर्ण जाण आहे. भाऊंनी ते शिपायाच्या हाती वर पाठवून दिलं.

यादीत एकच नाव उरलं. त्यांचं स्वतःचं.

त्यांनी फिल्म लावली आणि पहिल्यांदाच आवाज चालू केला. निवेदिकांचा आवाज वाटला होता त्यापेक्षा घोगरा होता. भाऊ लेबलं न चिकटवता पाऊण तास बसून राहिले. मग प्रश्न आले. सहा झाले. सातवा त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचला.

तुमच्यासमोर असा प्रकार घडल्यास तुम्ही काय कराल? अ. तिथून निघून जाईन. ब. कुणी विचारलंच तर सांगेन. क. हस्तक्षेप करेन व समितीला कळवेन. ड. पीडितेला समजावेन.

भाऊंनी 'अ'वर क्लिक केलं.

फुगे उडाले नाहीत. लाल चौकट आली. हा प्रश्न अनिवार्य आहे, आपण अनुत्तीर्ण झाला आहात.

पाच मिनिटांत तेजस्वी खाली आली. ती हसत होती.

"काका, अवो हे काय? अख्खं विद्यापीठ तुमच्या हातनं पास झालं आणि तुमीच नापास? माझ्या पडद्यावर लाल दिसायलंय."

"व्हय."

"चुकून दाबलं असंल. परत देता येतंय. सरका, मी देते."

तिनं माऊसकडं हात नेला. भाऊंनी माऊस उचलून आपल्याकडं घेतला. तेजस्वीचं हसू हळूहळू गेलं. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग प्रश्न वाचला, मग उत्तर.

"चुकून न्हाय," भाऊ म्हणाले. "एक कोरा कागद दे."

"काका, आदर्शचं..."

"ठावं हाय."

तिनं यादीचाच मागचा कोरा कागद सोडवून दिला. भाऊंनी दोन ओळी लिहिल्या. अक्षर वाकडं आलं. पुन्हा लिहावं असं त्यांना वाटलं, पण घड्याळात चारला दहा कमी होते.

जिन्यात ते दोनदा थांबले. परत फिरावं असंही एकदा वाटून गेलं. दुसऱ्या मजल्यावर समितीच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर प्रीती एकटीच बसली होती. तिनं त्यांना पाहिलं आणि नजर समोरच्या भिंतीवर वळवली. भाऊ कागद धरून उभे राहिले.

भिंतीकडंच बघत प्रीतीनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

भाऊ बाकाच्या टोकाला बसले.